उजव्या खांद्यावरचं जानवं

माझ्या बायकोचा उजवा हात मनगटात वाकडा होता. काकांनी काठी मारली, हाड मोडलं, ते नीट बसलं नाही, असं आम्ही दोघांनी मुलीला सांगितलं. जगालाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. हात मी मोडला. लाकडी ठशानं मोडला, तोही जिवतीच्या.

आता लिहायचं कारण असं. बायको माघात गेली. बाराव्याला माझा चुलतभाऊ, म्हणजे त्याच काकांचा मुलगा, हार घेऊन दारात आला. मुलगी उठली, हार त्याच्या हातातून ओढला आणि गटारात फेकला. "तुमच्या बापानं माझ्या आईचा हात तोडला. निघा इथून." मुलगी सत्तेचाळीस वर्षांची, शाळेत शिकवते, कुणाला अरे म्हणत नाही. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि पायरीवरून ढकललं. तो पाठीवर आपटला. साठी उलटलेला माणूस. उठला, पँट झटकली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेला.

मी पाटावर बसलो होतो. भटजींनी नुकतंच "अपसव्य करा" म्हटलं होतं आणि मी उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतलं होतं. मेलेल्याचं काम करताना उलटं करायचं असतं. ज्याला जानवं आहे त्यानं जानवं, नाही त्यानं उपरणं. मी तसाच उलटा बसून राहिलो. तोंड उघडलं नाही.

म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदीत. मराठी शिकलो ती बापाच्या शिव्यांतून आणि नंतर बायकोकडून. चुकलं तर चुकलं.

मी धारचा. बाप मराठा, संस्थानच्या पागेतल्या माणसांचा वंश. घोडे गेले, पागा गेली. बापाकडे मिशा राहिल्या आणि एका कोठाराच्या दारावर पहाऱ्याची नोकरी. आई छिप्यांची, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांची. मामा म्हणायचा पळवली, बाप म्हणायचा पदरात घेतली. खरं काय ते आईला कुणी विचारलं नाही. बापाच्या घरी मी 'छिप्याचा', मामाच्या गल्लीत 'दखणी को छोरो'. मार मात्र दोन्हीकडे सारखा. त्यात कुणी भेद केला नाही.

एका कुळधर्माला आईनं स्वतः छापलेलं लाल कापड देवाच्या पाटाखाली घातलं. त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाय टाकायला बंदी होती, तरी गेली. बापानं कापड ओढलं आणि चुलीत घातलं. आई ते काढायला वाकली, तर त्यानं तिचा हात धरून तोही आत घातला. माणूस लगेच ओरडत नाही. आधी वास येतो, मग ओरडणं येतं. हे मला सातव्या वर्षी कळलं. त्या दिवशी देवाला नैवेद्य वेळेवर दाखवला गेला.

त्या हातानं आईला पुढे ठसा धरता येईना. तिनं मला मामाकडे घातलं. मामा ठसे कोरायचा. सागवानाचा ठोकळा घासून आरशासारखा करायचा, वर पांढरी माती फासायची, आखायचं, मग छिन्नी. बुटी, कैरी, पान, वेल. हाटाला येणाऱ्या भिल्लिणींच्या घागऱ्यांचं कापड त्यावर छापलं जायचं. गंजलेलं लोखंड आणि गूळ मडक्यात कुजवून काळा रंग करायचे, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. एकदा माझ्या हातून वेलीचं शेवटचं पान उडालं. मामानं ठोकळा उजेडात धरला.

"पत्ती तोडी थने?"

मी मान हलवली.

"तो आंगळी बी दे."

माझी डावी करंगळी त्यानं पाटावर ठेवली आणि वर लाकडी हातोडी घातली. ती अजून वाकडी आहे. पुढे माझ्या हातून एकही पान उडालं नाही हेही खरं. ते सांगायला मला आवडत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ठशावर कोरलेलं छापताना उलटं उमटतं, डावं ते उजवं होतं. पण बुटीला डावं-उजवं नसतं. कैरीचं टोक इकडे झालं काय, तिकडे झालं काय, घागरा तोच. मामानं मला तीसेक नमुने शिकवले, पण उलट्या-सुलट्याची फिकीर करायला कधी शिकवलं नाही. त्याला तरी कधी लागली होती?

देवासला कारखाने निघाले तेव्हा मी धार सोडलं. माल बांधायच्या कामाला लागलो. लग्नही तिथेच झालं. बायको मराठी घरांत पोळ्या लाटणाऱ्या बाईची मुलगी, बाप नसलेली. सासू मला बघून शेजारणीला म्हणाली, "अर्धा तर अर्धा. नवरा तर पुरा मिळतोय." बायको हे लोकांना हसून सांगायची. मीही हसायचो.

आम्ही काकांच्या घरातल्या पुढच्या खोलीत राहायचो. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, देवासच्या एका कचेरीत शिपाई. पागेतली गंजकी तलवार त्यांच्या पलंगाखाली असायची. ते जानवं घालायचे. आमच्यात ते नव्हतं, पण त्यांनी स्वतःच सुरू केलं होतं आणि आंघोळीनंतर उघड्या अंगानं ओट्यावर बसून ते सगळ्या गल्लीला दाखवायचे.

आमचा पहिला मुलगा सहाव्या दिवशी गेला. दुसरा चालायला लागला आणि गेला. काकू मागच्या दारात भांडी घासताना मोठ्यानं म्हणाली, "रक्त मिसळलं की दूध नासतं." मी तिच्या पुढ्यातली सगळी भांडी लाथेनं अंगणात उडवली. बायकोनं मला मागून कमरेला धरलं होतं. ती ओरडत होती, "त्यांच्यावर कशाला? मला विचारा काय नासलं ते!"

तिसरी मुलगी झाली. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. चार महिन्यांची होती तेव्हा आषाढ लागला आणि बायको म्हणाली, "मला यंदा माझ्या भिंतीवर जिवती पाहिजे."

जिवती ही लेकरांना राखणारी. तिचा छापील कागद आषाढी अमावस्येला भिंतीवर लावतात, श्रावणातल्या शुक्रवारी पूजा करतात, सवाष्णींना दूध-फुटाणे देतात आणि आई लेकरांना ओवाळते. कागदावर वर नृसिंह आणि कृष्ण, मधे पोरांना घेतलेल्या जिवती, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. काकू दर वर्षी इंदूरहून दोन कागद आणायची. एक लावायची, एक जपून ठेवायची. बायकोनं तो दुसरा मागितला तर म्हणाली, "छिप्याच्या भिंतीवर जिवती? ती उतरून जाईल." आणि आदल्या वर्षीचा, तेलकट झालेला कागद तिच्या हातात दिला, "हा निर्माल्याबरोबर तळ्यात सोड."

बायकोनं सोडला नाही. पोटाशी धरून माझ्याकडे आणला. "तुम्हाला कोरता येतं ना? मग कोरा."

दोन मुलं गेलेल्या बाईनं असं म्हटल्यावर कोरणार नाही तर काय करणार? मी कारखान्यातल्या खोक्यांतून सागवानाची चांगली फळी निवडली. कागद डिंकानं फळीवर चिकटवला. तोंड वर करून चिकटवला. जशी चित्रं दिसत होती तशीच कोरत गेलो. अठरा दिवस लागले, कामावरून आलो की बसायचो. एक टवका उडाला नाही. कडेनं आईची वेल घातली, तीच, लाल कापडावरची. आणि जिवतीला घागरा-लुगडी, म्हणजे घागरा आणि ओढणी, कोरली.

बायको म्हणाली, "अहो, जिवतीला नऊवारी हवी. घागरा कसला?"

"माझ्या आईला घागराच होता."

"तुमची आई काय जिवती होती?"

"मी जगलो ना?"

तिनं फळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पण मग हाताशी एक घास तरी द्या तिच्या. नुसती काय पोर घेऊन बसलीय." म्हणून मी जिवतीच्या उजव्या हातात घास कोरला, पोराच्या तोंडाशी नेलेला. ही तिची भर.

काळ्या रंगात चाळीस कागद छापले. आमच्यापुरता एकच हवा होता, पण छापायला लागल्यावर हात थांबेना. नव्या क्वार्टरांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं होती. त्या बायकांना इथं जिवती मिळत नव्हती. बायको दारोदार वाटून आली. त्या खूश. एकीनं मला विचारलं, "भाऊ, तुम्ही मूळचे कुठले?" म्हटलं, धारचे. "नाही, मूळचे?" म्हटलं, "बाई, मी काय झाड आहे काय?" सगळ्या हसल्या. पहिल्या शुक्रवारी सात जणी आमच्या खोलीत हळदीकुंकवाला यायच्या ठरल्या. बायकोला लग्नानंतर पहिल्यांदा कुणी आपणहून येतो म्हणालं होतं. तिनं खोली तीनदा सारवली.

शुक्रवार आला. बायका आल्या. मुलगी पाळण्यात, पाळणा जिवतीखाली. दूध वाटून झालं आणि बायको ओवाळायला उठली तेवढ्यात काकू डोकावली. कागदाकडे बघत राहिली. तशीच मागे वळली आणि काकांना घेऊन आली.

काका आंघोळीहून तसेच आले होते, उघडे. भिंतीजवळ गेले. बोट बृहस्पतीवर ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या जानव्यावर ठेवलं.

"हे कुठल्या खांद्यावर आहे?"

मी म्हटलं, "डाव्या."

"आणि त्याच्या?"

बृहस्पतीचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. सरळ कोरलेलं सगळं उलटं उमटलं होतं. जिवती डाव्या हातानं घास भरवत होती. कृष्ण उलटा, वाघ उलटा, पण ते कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. जानवं आलं.

"अपसव्य!" काका ओरडले. "गुरूला अपसव्य केलंय हरामखोरानं! ही जिवती नाही, मयताचा कागद आहे. घरोघर मयताचा कागद वाटलाय यानं, तान्ह्या पोरांच्या डोक्यावर!"

बायका उठल्या. कुणाचं दुधाचं भांडं सांडलं. एकीनं आपलं पोर उचलून छातीशी दाबलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सुरी घेऊन उभा आहे. दोन मिनिटांत खोली रिकामी. काकांनी कागद धरून फाडला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी दाराशी टेकवलेली काठी घेतली आणि माझ्या कानशिलावर घातली. त्या कानानं मला आज ऐकू येत नाही. मी डोकं त्यांच्या तोंडावर मारलं. त्यांचे पुढचे दोन दात गेले, एक माझ्या कपाळात रुतला होता. ते दारात कोसळले. काकू छाती पिटत होती. मुलगी पाळण्यात किंचाळत होती.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पुढचं नाही.

काकूनं काकांना ओढत मागच्या खोलीत नेलं. आम्ही दोघंच राहिलो. बायको जमिनीवरचं दूध पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही. हळू म्हणाली, "तिसऱ्याचंही तसंच करणार होतात. शेवटी छिप्याचेच ना तुम्ही."

ठसा माझ्या हाताशी होता. मी उचलला आणि तिच्यावर घातला. नेम डोक्यावर होता. तिनं उजवा हात आडवा केला म्हणून मनगटावर बसला. सुकलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. ठशालाही वरपासून खालपर्यंत चीर गेली.

काका मधे नव्हते. काठी नव्हती. चुकून लागलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी मनात म्हणत आलो की चिडीत झालं, कळलं नाही. कळलं होतं. हात उचलताना मला आई दिसली होती चुलीपाशी वाकलेली, आणि तरी मी तो खाली आणला. बाप गेला होता, पण त्याचं काम अडलं नाही.

हाड बसवणाऱ्या पहिलवानाकडे गेलो. तिथे काका आधीच बसलेले, तोंडाला फडकं लावून, जबडा दाखवायला. पहिलवान बायकोला म्हणाला, "कैसे लगा, बाई?" ती म्हणाली, "चुलतसासऱ्यांची काठी लागली." काका समोर. त्यांनी फडकं काढलं, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फडकं परत तोंडाला लावलं. कधीच नाकारलं नाही. का, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही आणि ते तसेच मेले.

घरी आलो तर उंबऱ्यावर फाडलेले कागद पडलेले. क्वार्टरांतल्या बायका आणून टाकून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलीला ताप चढला. डोळे फिरवू लागली. काकू दारात येऊन म्हणाली, "आता तरी तो ठसा जाळा." मी जाळायला उचललाही. बायको खाटेवर, हात बांबूच्या पट्ट्यांत बांधलेला. म्हणाली, "ठेवा खाली. एक कागद छापा आणि परत लावा."

"उलटा आहे."

"असू दे. मी या जिवतीच्या ठशाचाच मार खाल्लाय. हिला माझं माहीत आहे. दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून कुठे सांगू?"

मी छापला. चीर गेलेली होती, म्हणून कागदावर जिवतीच्या अंगातून पांढरी रेघ उमटली. तिच्याखाली पाळणा पाच दिवस हालत राहिला. सहाव्या दिवशी ताप उतरला. जिवतीनं उतरवला की डॉक्टरच्या सुईनं, ते मी कुणाला सांगत बसत नाही.

हात वाकडाच जुळला. घास उचलला की थरथरायचा आणि सांडायचा. मुलगी खायला लागली तेव्हापासून बायकोनं तिला डाव्या हातानं भरवलं. काकूनं नाक मुरडलं, गल्लीनं मुरडलं. मी भिंतीवरच्या कागदाकडे बघायचो नाही.

त्यानंतर मी हात उचलला नाही. पण त्याची शाबासकी नको. ती रोज समोर बसून डाव्या हातानं कणीक मळायची, उचलणार कसा? माफी मी मागितली नाही. एकदा, मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला, म्हटलं, "सुलटी जिवती कोरून देतो." म्हणाली, "कोरा की. पण भिंतीवर हीच लागेल." कोरली. नऊवारीतली, जानवं डाव्या खांद्यावर. कोऱ्या ठशाला एकदाही रंग लागला नाही. बायको दर आषाढात त्या फुटक्या ठशावरूनच एक कागद छापून घ्यायची. ठसा मी दाबायचो, कागद ती डाव्या हातानं उचलायची. असं पंचेचाळीस वर्षांहून जास्त. आम्ही वेगळे झालो तरी हाच चुलतभाऊ दर वर्षी दिवाळीला यायचा आणि माझी मुलगी त्याच्याशी दारातच बोलायची. आपल्या आईचा हात मोडणाऱ्याचा पोरगा म्हणून. तो मुकाट ओट्यावर बसून चहा पिऊन जायचा.

या श्रावणात मुलगी पहिल्या शुक्रवारी माझ्याकडे आली. "बाबा, आईचा कागद छापू ना?" मी ठसा काढला. दाबला. तिनं कागद उचलला, भिंतीला लावला, आघाड्याची माळ घातली. मग मी इथपर्यंत लिहिलेलं तिच्या हातात दिलं. तिची शाळा हिंदी, मराठी अडखळत वाचते. मनगटाशी आली तेव्हा दोन ओळी परत वाचल्या. मग म्हणाली, "मला हे नीट वाचता येतंय ना? तुम्ही?"

"मी."

"आईनं सांगितलं होतं..."

"तिनं मला वाचवलं. काकांनीही."

ती उठली. मला वाटलं कागद फाडेल, किंवा माझ्या तोंडात मारेल. मारायला हवं होतं. तिनं माझा फोन उचलून माझ्या पुढ्यात आपटला. "लावा. त्यांना लावा."

मी लावला. चुलतभाऊ म्हणाला, "बोल दादा." म्हटलं, पोरीला सांगितलं सगळं. त्यानं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "बाबांनी मला जाताना सांगितलं होतं. म्हणाले, तो सांगेपर्यंत तू सांगू नकोस."

तो तासाभरात आला. सवयीनं ओट्यावरच बसला. मुलगी दारात गेली. खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "काका, आत या. दूध थंड होतंय."

तो आत येऊन भिंतीखाली बसला. तिनं त्याला दूध दिलं, फुटाणे दिले. माझी वाटी ताटात तशीच होती. ती तिनं उचलली नाही आणि दिलीही नाही. पंधरा दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. कागद भिंतीवर आहे.